घटस्फोटानंतरची पोटगी : कालमर्यादेचा प्रश्न आणि नागपूरचा एक खटला

सारांश :
घटस्फोटानंतर पोटगी किती काळ चालू राहते, या प्रश्नाला भारतीय कायद्यात वर्षांच्या आकड्यात उत्तर दिलेले नाही. कायद्याने हा कालावधी पुनर्विवाह, मृत्यू आणि परिस्थितीतील बदल या घटनांशी जोडला आहे. प्रस्तुत लेखात संबंधित तरतुदींचे विवेचन करून, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्याचे या प्रश्नाच्या संदर्भातील महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विवाहातील संपत्तीच्या वाटणीची तरतूद नसताना पोटगीला वर्षांची मर्यादा घालणे अन्यायाचे ठरेल, तसेच एकरकमी पोटगीमुळे कालावधीचा प्रश्न सुटत नसून तो केवळ दृष्टिआड होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पोटगी, घटस्फोट, कालमर्यादा, एकरकमी तडजोड, कौटुंबिक न्यायालय, वसुली.

प्रस्तावना :
विवाह मोडकळीस आला की पोटगीविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो रकमेचा. ‘किती मिळेल?’ असे स्त्रीचे माहेर विचारते आणि ‘किती द्यावी लागेल?’ असे पुरुषाचे घर विचारते. ‘किती दिवस?’ हा प्रश्न सहसा नंतर येतो. अनेकदा तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्यानंतर येतो. वास्तविक पोटगी या शब्दातच काळाचा विचार दडलेला आहे. पोटाची गरज एकदा भागवून संपत नाही, ती रोज नव्याने उभी राहते. जुन्या मराठी कागदपत्रांत यासाठी ‘अन्नवस्त्र’ हा शब्द येतो. त्यातही हाच भाव आहे.

या विषयाबाबत समाजात, आणि सुशिक्षित वर्गातही, परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत. पोटगी आयुष्यभर द्यावीच लागते, असे काहींना वाटते. ती दोन-तीन वर्षांत आपोआप संपते, असे इतर काही मानतात. पत्नीला नोकरी लागली किंवा घटस्फोट तिच्या दोषामुळे मिळाला की तिचा हक्कच संपतो, असेही सर्रास बोलले जाते. महाविद्यालयीन प्राध्यापकांकडे विद्यार्थिनी, त्यांच्या माता आणि सहकारी अशा प्रश्नांसाठी विश्वासाने येतात. त्यामुळे या विषयाची नेमकी माहिती कायद्याच्या विद्याशाखेबाहेरील अध्यापकांनाही असणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :
१) पोटगीच्या कालावधीसंबंधीच्या कायदेशीर तरतुदी समजून घेणे. २) पोटगी केव्हा थांबते व केव्हा थांबत नाही, हे न्यायनिर्णयांच्या आधारे स्पष्ट करणे. ३) एकरकमी व दरमहा पोटगी यांची काळाच्या कसोटीवर तुलना करणे. प्रस्तुत लेख अधिनियम व प्रकाशित न्यायनिर्णय यांवर आधारित असून विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आकडेमोडीची उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेली आहेत.

‘पत्नी’ या शब्दाचा विस्तार :
१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ नुसार पत्नीला व अपत्यांना दंडाधिकाऱ्यांकडे निर्वाहखर्च मागता येत असे. मात्र विवाह संपला की पत्नी हे नाते संपे आणि नात्याबरोबर हक्कही संपे. विदर्भात व एकूण महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये काडीमोड किंवा फारकत घेण्याची आणि त्यानंतर पाट लावण्याची रूढी होती. फारकतीनंतर स्त्रीचा निर्वाह माहेर अथवा दुसरे घर करील, असे समाजाने गृहीत धरलेले होते. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. परंतु नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असल्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेलेले हिंदू संहिता विधेयक अखंड स्वरूपात संमत झाले नाही. त्याचे विभाग १९५५-५६ मध्ये स्वतंत्र अधिनियमांच्या रूपाने आले. त्यांपैकी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. नागपूरसारख्या शहरात, जेथे बौद्ध समाज मोठ्या संख्येने आहे, तेथे ही बाब विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. या अधिनियमाच्या कलम २५ ने घटस्फोटानंतरही पोटगी देता येईल, हे तत्त्व हिंदू कायद्यात आणले.

दुसरा मोठा बदल १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केला. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या या संहितेच्या कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दाच्या स्पष्टीकरणात घटस्फोटित व पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीचा समावेश करण्यात आला. हे कलम सर्व धर्मीयांसाठी होते. त्यातील दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून ही संहिता रद्द होऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. आता हीच तरतूद तिच्या कलम १४४ मध्ये आहे. रूढीनुसार फारकत झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने या कलमाचे मोल अधिक आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९ ने अशा रूढीला मान्यता दिली असली, तरी कलम २५ खालील पोटगीसाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो आणि फारकतीच्या कागदाला हुकूमनाम्याचा दर्जा नसतो. अशा स्त्रीला कलम १४४ चा दरवाजा खुला राहतो.

कायद्यातील कालावधी :
पोटगीचे कालावधीच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार अंतरिम पोटगीचा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २४ नुसार मिळणारी रक्कम दावा चालू असेपर्यंतच मिळते. दावा निकाली निघाला की ती संपते. अशा अर्जाचा निर्णय शक्यतो ६० दिवसांत व्हावा, अशी तरतूद २००१ साली करण्यात आली.

दुसरा प्रकार कायम पोटगीचा. कलम २५ नुसार न्यायालय एकरकमी किंवा दरमहा अथवा ठराविक मुदतीने द्यावयाची रक्कम ठरवू शकते. तिची कमाल मुदत अर्जदाराच्या हयातीइतकी सांगितली आहे. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘हयातीपेक्षा अधिक नाही’ याचा अर्थ ‘प्रत्येक वेळी हयातभर’ असा होत नाही. कायद्याने वरची मर्यादा आखली असून तिच्या आत मुदत ठरविणे न्यायालयाच्या विवेकावर सोपविले आहे. दोन्ही पक्षांचे उत्पन्न व मालमत्ता, त्यांचे वर्तन आणि प्रकरणातील अन्य परिस्थिती यांचा विचार न्यायालयाने करावयाचा असतो. विशेष विवाह अधिनियम, १९५४ (कलम ३७), ख्रिस्ती धर्मीयांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट अधिनियम (कलम ३७) आणि पारशी विवाह व घटस्फोट अधिनियम, १९३६ (कलम ४०) यांतही हयातीची हीच वरची मर्यादा आढळते. कलम १४४ मध्ये मात्र मुदतीचा उल्लेखच नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री जोवर स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ आहे, तोवर तिचा हक्क टिकतो.

तिसरा प्रकार अपत्यांच्या पोटगीचा. कलम १४४ खाली ती साधारणतः अपत्य सज्ञान होईपर्यंत मिळते. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याला ती पुढेही मिळू शकते. अविवाहित सज्ञान मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर तिला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० नुसार विवाहापर्यंत पित्याकडून खर्च मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ‘अभिलाषा विरुद्ध प्रकाश’ या निर्णयात स्पष्ट केले. मातेच्या पुनर्विवाहामुळे अपत्याचा हा स्वतंत्र हक्क बाधित होत नाही.

मुस्लिम स्त्रीची पोटगी : एका शब्दाचा अर्थ :
कालावधीचा प्रश्न देशभर गाजला तो मुस्लिम स्त्रीच्या संदर्भात. १९८५ साली शाहबानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ खाली इद्दतीनंतरही पोटगी मिळू शकते, असा निर्णय दिला. त्यानंतर १९८६ साली मुस्लिम स्त्रिया (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम ३ मध्ये पतीने ‘इद्दतीच्या काळात’ वाजवी व न्याय्य तरतूद करावी आणि निर्वाहखर्च द्यावा, असे म्हटले आहे. इद्दत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची असते. प्रश्न असा होता की, तरतूद इद्दतीपुरती करावयाची की इद्दतीच्या आत करावयाची?

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली ‘डॅनियल लतीफी’ या निर्णयात दुसरा अर्थ स्वीकारला. इद्दत ही तरतूद करण्याची मुदत आहे. तरतूद पुरावी किती काळ, याची ती मर्यादा नाही. स्त्रीच्या पुढील आयुष्याचा विचार करून ही तरतूद पतीने इद्दतीच्या आत केली पाहिजे. पुढे १० जुलै २०२४ रोजी ‘मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा मार्गही उपलब्ध आहे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. एका शब्दाच्या अर्थावर तीन महिने आणि संपूर्ण आयुष्य एवढे अंतर अवलंबून होते.

पोटगी केव्हा थांबते, केव्हा थांबत नाही :
पोटगी घेणाऱ्या व्यक्तीचा मृत्यू झाला की दरमहा पोटगी थांबते. पुनर्विवाहानंतर कलम १४४ खालील आदेश पुनर्विवाहाच्या तारखेपासून रद्द करता येतो. हिंदू विवाह अधिनियमात मात्र १९७६ साली एक महत्त्वाचा बदल झाला. मूळ कलम २५(३) नुसार पुनर्विवाह अथवा विवाहबाह्य संबंध सिद्ध झाल्यास न्यायालयाला आदेश रद्द करावाच लागे. दुरुस्तीनंतर, दुसऱ्या पक्षाने अर्ज केल्यास, न्यायालय आदेशात बदल करू शकते किंवा तो रद्द करू शकते. म्हणजे या कायद्याखाली पुनर्विवाहानेही आदेश आपोआप संपत नाही. न्यायालयाकडे जावे लागते.

परिस्थिती बदलल्यास दोन्ही पक्षांना आदेश बदलून मागता येतो. हिंदू विवाह अधिनियमात त्यासाठी कलम २५(२) आणि नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४६ आहे. पतीची सेवानिवृत्ती, गंभीर आजार किंवा उत्पन्नातील घट, तसेच पत्नीला मिळालेले पुरेसे उत्पन्न, ही कपातीची कारणे होऊ शकतात. त्याचप्रमाणे महागाई, पत्नीचे आजारपण व पतीची वेतनवाढ ही वाढीची कारणे होऊ शकतात. परंतु न्यायालयाने आदेश बदलेपर्यंत जुना आदेश बंधनकारक असतो. स्वतःच्या समजुतीने पोटगी बंद करणाऱ्याची केवळ थकबाकी वाढते.

प्रचलित गैरसमजांचा विचारही येथेच करणे योग्य होईल. पत्नीने पतीचा त्याग केला या कारणावरून घटस्फोट झाला, तरी घटस्फोटित स्त्री म्हणून तिचा कलम १२५ खालील हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ‘रोहतास सिंग’ या निर्णयात म्हटले आहे. परस्परसंमतीने झालेल्या घटस्फोटामुळेही हा हक्क आपोआप जात नाही, हे १९९५ सालच्या ‘वनमाला’ या निर्णयावरून स्पष्ट होते. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही न्यायालयाने नमूद केले आहे.

पोटगीचा हक्क एकतर्फी नाही, हे नांदेड येथील एका प्रकरणावरून दिसते. १९९२ साली झालेला विवाह २०१५ साली घटस्फोटाने संपला. पत्नी शिक्षिका होती. हुकूमनाम्यानंतर पतीने पोटगीसाठी अर्ज केला. दिवाणी न्यायालयाने त्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली आणि थकबाकीसाठी पत्नीच्या वेतनातून कपात करण्याचा आदेश मुख्याध्यापकांना दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली हे आदेश कायम ठेवले. कलम २५ मध्ये हुकूमनाम्याच्या वेळी ‘किंवा त्यानंतर केव्हाही’ अर्ज करता येतो, असे शब्द आहेत. पोटगीचा शेवट जसा निश्चित नाही, तसा तिचा आरंभही हुकूमनाम्याच्या दिवसाला बांधलेला नाही.

नागपूरचा खटला :
‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा खटला आज देशातील प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात उद्धृत होतो. त्याची सुरुवात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाली. २ सप्टेंबर २०१३ रोजी पत्नीने स्वतःसाठी व अज्ञान मुलासाठी कलम १२५ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल केला. २४ ऑगस्ट २०१५ रोजी कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आरंभी दरमहा ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर केले. पतीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ४ नोव्हेंबर २०२० रोजी झाला. ‘अंतरिम’ या शब्दाचा अर्थ तात्पुरती असा आहे. या तात्पुरत्या पोटगीचा वाद सात वर्षांहून अधिक काळ चालला. पोटगी किती काळ मिळणार, या प्रश्नाआधी ती मिळायला किती काळ लागणार, हा प्रश्न उभा असतो, हे या तारखांवरून दिसून येते.

न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने कौटुंबिक न्यायालयाचा आदेश कायम ठेवून संपूर्ण देशासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र विहित नमुन्यात द्यावे. शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना ठरविण्यात आला. कापूस, सोयाबीन व संत्री यांच्या हंगामी उत्पन्नावर जगणाऱ्या विदर्भातील कुटुंबांच्या दृष्टीने हा भेद उपयुक्त आहे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली मिळालेल्या रकमांचा मेळ घालावा, असेही न्यायालयाने सांगितले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या निर्णयातील एक विधान अत्यंत महत्त्वाचे आहे. आज अनेक विवाह अल्पकाळच टिकतात. अशा वेळी संपूर्ण आयुष्यभर पोटगी देण्यास सांगणे अन्यायाचे ठरू शकते आणि म्हणून कायम पोटगी ठरविताना विवाहाचा कालावधी विचारात घ्यावा, असे न्यायालयाने म्हटले आहे. मात्र याच निर्णयात न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली आहे. शिकलेल्या व व्यावसायिक पात्रता असलेल्या पत्नीने मुलांच्या व वृद्धांच्या संगोपनासाठी नोकरीच्या संधी सोडल्या असतील, तर त्या त्यागाला योग्य महत्त्व दिले पाहिजे. अनेक वर्षांच्या खंडानंतर वाढत्या वयात रोजगारात पुन्हा प्रवेश मिळणे कठीण असते, हेही न्यायालयाने मान्य केले आहे. पहिले विधान वारंवार उद्धृत होते आणि दुसरे मागे पडते, असे होऊ नये. विवाह किती वर्षे टिकला याबरोबरच त्या वर्षांत कोणी काय गमावले, हेही मोजले गेले पाहिजे.

इतर देशांतील कालमर्यादा :
काही देशांनी पोटगीला वर्षांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या २०११ च्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत टिकलेल्या विवाहात सर्वसाधारण पोटगी विवाहाच्या महिन्यांच्या निम्म्या काळापर्यंत मिळते. दहा वर्षांपर्यंत हे प्रमाण ६० टक्के, पंधरा वर्षांपर्यंत ७० टक्के आणि वीस वर्षांपर्यंत ८० टक्के आहे. वीस वर्षांहून अधिक टिकलेल्या विवाहात न्यायालय अनिश्चित काळासाठी पोटगी देऊ शकते. स्कॉटलंडच्या १९८५ च्या कायद्यात परावलंबी जोडीदाराला नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी कमाल तीन वर्षांच्या साहाय्याची तरतूद आहे.

आपल्याकडेही असे कोष्टक असावे, असे मत अधूनमधून व्यक्त होते. त्यात निश्चितता आहे व वाद कमी होण्याची शक्यताही आहे. तथापि एक मूलभूत फरक नजरेआड करून चालणार नाही. त्या देशांत घटस्फोटाच्या वेळी विवाहकाळात मिळविलेल्या संपत्तीची दोघांत वाटणी होते. पोटगी ही त्या वाटणीनंतर उरणारी बाब असते. आपल्या हिंदू विवाह अधिनियमात कलम २७ खाली विवाहाच्या सुमारास दोघांना मिळालेल्या समाईक वस्तूंचाच विचार होतो. पतीच्या नावावरील घर, भूखंड वा शेती यांत घटस्फोटित पत्नीला वाटा मिळत नाही. हिंदू पतीच्या मृत्यूनंतर ती विधवा म्हणून वारसही ठरत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार विवाहातील संपत्ती सामान्यतः समाईक मानली जाते आणि विवाह संपताना तिची वाटणी होते. महाराष्ट्रातील स्त्रीच्या हाती असा वाटा नसतो. तिच्या संसारातील श्रमांची भरपाई करणारी तरतूद बहुधा पोटगी ही एकच असते. वाटणी न देता पोटगीची मुदत तेवढी उसनी आणणे म्हणजे दोन पायांच्या व्यवस्थेतील एकच पाय आणण्यासारखे आहे.

एकरकमी की दरमहा? :
परस्परसंमतीच्या घटस्फोटात एकरकमी पोटगीची पद्धत रूढ झाली आहे. दोन्ही पक्षांना संबंध कायमचे संपविणे सोयीचे वाटते. दरमहा वसुलीची दगदग राहत नाही. करआकारणीच्या दृष्टीनेही फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकातील एका निर्णयात एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती आणि दरमहा पोटगी हे उत्पन्न मानले. तरीही काळाच्या कसोटीवर ही रक्कम तपासून पाहणे आवश्यक आहे.

समजा, ३२ वर्षांच्या स्त्रीला १२ लाख रुपये एकरकमी मिळाले. ती रक्कम वार्षिक ७ टक्के व्याजाने गुंतवून तिने दरमहा १०,००० रुपये काढले, तर पैसे सुमारे १७ वर्षे पुरतील. परंतु महागाई ६ टक्के धरून दरवर्षी तेवढा वाढीव खर्च केला, तर हीच रक्कम साधारण साडेदहा वर्षांत संपेल. त्या वेळी तिचे वय ४३ च्या आसपास असेल. तडजोडपत्रात मात्र ‘यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही’ असे लिहिलेले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने ‘हयातीपर्यंत’ असे देण्याची मुभा ठेवली आहे, त्याचे उत्तर येथे नकळत ‘साडेदहा वर्षे’ असे दिले जाते. सही करताना हा आकडा कोणी तिला सांगत नाही.

दरमहा पोटगीही यातून सुटत नाही. ६ टक्के महागाईत आजच्या १०,००० रुपयांची क्रयशक्ती १२ वर्षांनी सुमारे ५,००० आणि २४ वर्षांनी सुमारे २,५०० रुपयांइतकी उरेल. आदेश कागदावर चालू राहतो, त्यातील पोटगी मात्र आटत जाते. यावर उपाय म्हणजे आदेशातच वाढीची अट घालणे. २९ मे २०२५ रोजी ‘राखी साधुखाँ’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी दरमहा ५०,००० रुपये करून दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ देण्याचा आदेश दिला. ही वाढ वार्षिक अडीच टक्क्यांच्या जवळपास पडते. ती महागाईला पूर्णतः पुरी पडणारी नाही. परंतु वाढीसाठी दर वेळी नवा अर्ज करण्याच्या त्रासातून स्त्रीची सुटका होते.

वसुलीचा प्रश्न :
आदेश असून रक्कम मिळत नसेल, तर कालावधीची चर्चा निरर्थक ठरते. कलम १४४(३) नुसार थकबाकीसाठी वॉरंट काढता येते आणि रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कारावास भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली ‘कुलदीप कौर’ या निर्णयात स्पष्ट केले आहे. मात्र वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज ना उद्या देतील’ म्हणून थांबणाऱ्या स्त्रीला ही मुदत माहीत नसते आणि हा प्रभावी मार्ग तिच्या हातून निसटतो.

पती शेतकरी वा व्यावसायिक असेल तर कलम २५ खाली त्याच्या स्थावर मिळकतीवर पोटगीचा बोजा ठेवता येतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याची नोंद झाल्यास मिळकत परस्पर विकण्यास आळा बसतो. पती नोकरदार असेल तर कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली मंजूर झालेली रक्कम मालकाने वेतनातून परस्पर द्यावी, असा आदेश मिळू शकतो. यासाठी लागणारे विधिसाहाय्य स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये तशी तरतूद आहे.

निष्कर्ष व सूचना :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घटस्फोटानंतरच्या पोटगीला भारतात ठराविक वर्षांची मुदत नाही. अर्जदाराची हयात ही वरची मर्यादा असून तिच्या आत पुनर्विवाह व परिस्थितीतील बदल यांनुसार आदेश बदलतो किंवा संपतो.

२) विवाहाचा कालावधी विचारात घ्यावा, ही ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निर्णयातील सूचना योग्य आहे. अल्पकाळ टिकलेल्या, निरपत्य व दोघेही कमावते असलेल्या विवाहात मर्यादित मुदतीची पोटगी न्याय्य ठरेल. परंतु गमावलेल्या संधी व अपत्यांचे संगोपन यांचा विचार न करता त्या सूचनेचे कोष्टक बनविणे त्या निर्णयाच्याच आशयाविरुद्ध होईल.

३) मर्यादित मुदतीचा आदेश देताना त्या मुदतीत स्त्रीचे शिक्षण वा प्रशिक्षण पूर्ण होईल असा खर्च पोटगीत धरावा, आणि मुदतीच्या शेवटी पोटगी आपोआप बंद न होता तिचे पुनरावलोकन व्हावे.

४) दरमहा पोटगीच्या आदेशात व तडजोडपत्रात वाढीची अट असावी. एकरकमी पोटगी स्वीकारण्यापूर्वी ती किती वर्षे पुरेल, याचा हिशेब समुपदेशकांनी व वकिलांनी स्त्रीपुढे मांडावा.

५) विवाहातील संपत्तीच्या वाटणीचा कायदा झाल्याशिवाय पोटगीच्या मुदतीचा प्रश्न न्याय्य रीतीने सुटणार नाही.

यातील चौथ्या सूचनेसाठी कायद्यात बदल करण्याची गरज नाही आणि तिच्यातील आकडेमोड बी. कॉम. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येते. महाविद्यालयांतील महिला तक्रार निवारण समित्या, राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आणि वाणिज्य, अर्थशास्त्र व गृहअर्थशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन असा हिशेब समजावून देण्याचे काम हाती घेतल्यास ते आंतरविद्याशाखीय कार्याचे उत्तम उदाहरण ठरेल. तडजोडपत्रावर सही करण्यापूर्वीचा अर्धा तास पुढील अनेक वर्षांचा निर्णय करीत असतो. त्या अर्ध्या तासात स्त्रीच्या हाती नेमका आकडा असावा, एवढी अपेक्षा वाजवी म्हणावी लागेल.